आजीचा सतरा सप्टेंबर

१७ सप्टेंबर, रात्री

सकाळी मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला आजीला गाडीवर बसवून शाळेत नेलं. भाषण दरवर्षीचंच. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा मात्र निजामाकडेच राहिला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. आजी खुर्चीत पेंगत होती. तिचा सतरा सप्टेंबर वेगळाच आहे.

त्या वर्षी रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, धास्तीने परांड्याकडची माणसं रातोरात बार्शीकडे निघायची. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडे. आजी आठ वर्षांची. तिच्या बापाने बैलांच्या घुंगरमाळा काढून गोणपाटात गुंडाळल्या, चाकांना वंगण घातलं आणि पोरांना दम दिला, खोकलासुद्धा यायला नको. घुंगरांशिवाय बैल चालेनात म्हणे. पलीकडे पोचल्यावर दुकानदाराने निजामाचा चारमिनारवाला हाली रुपया तिकडच्या कलदार रुपयापेक्षा कमी धरला. रझाकारांवरचा राग आता निवलाय, त्या दुकानदारावरचा अजून नाही!

परत येताना तिने मागून विचारलं, “पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत काय ठरलं रे?”

मी गप्प. गेलोच नव्हतो. संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला तेव्हा फवारणीचा पंप पाठीवर होता. उभ्या उभ्या सही ठोकली. ठराव कुठला, वाचलंही नाही. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा १५ टक्के, जे कमी असेल ते, एवढीच माणसं लागतात. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. चार टाळकी बसली तरी गावाचा ठराव होतो. हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून जास्त लागलं.

पणजोबांना बैलांचाही आवाज बंद करावा लागला होता. मला बोलायला बोलावतात, सतरंजी अंथरतात, आणि मी न जाता गेल्याची सही करतो.

दोन ऑक्टोबरला पुन्हा सभा आहे. नेमकी त्याच दिवशी सोयाबीनची काढणी धरलीय, मजूरही सांगून ठेवलेत. उद्या फोन करून एक दिवस पुढे ढकलतो. आजीला सांगितलं तर म्हणाली, “मलाबी गाडीवर घे.” तिला पाण्याच्या टाकीचं विचारायचंय.