हलतोय अजून, दाब!

पोलीस प्रशिक्षणात शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. पहिल्या दिवशी पोरांनी तशी हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं. माझ्या लेखी वस्ताद एकच, बेळगावातल्या शहापूरच्या तालमीतले. त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं लाल मातीत काढली. आनंदवाडीच्या आखाड्यात लढलो, चंदगड-गडहिंग्लजकडच्या जत्रांत नारळावरच्या कुस्त्या केल्या, पुढं थोडंफार इनामही मिळालं. मग गुडघा गेला आणि खाकी आली. आता शिकाऊ पोलिसांना हत्याराशिवाय माणूस कसा धरायचा ते शिकवतो. वर्ग कानडीत चालतो, रागावणं मराठीत. विजापूर-बागलकोटची पोरंसुद्धा महिन्याभरात मराठी शिव्या ओळखायला लागतात.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. बेळगावचा पाऊस एकदा बसला की बसतो, मैदान चिखलाचं, म्हणून हॉलमध्ये मॅट टाकल्या होत्या. ओल्या कपड्यांचा वास आणि पत्र्यावरचा आवाज, एवढा की ओरडल्याशिवाय पलीकडच्याला काही कळत नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, पुढं त्याचं काम आहे.

सकाळी तासभर तोंडी वर्ग झाला होता. अटक करताना किती जोर लावायचा ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 46 मध्ये एका ओळीत आहे: पळून जाऊ नये एवढाच, त्याच्यावर नाही. मग मी अमेरिकेतल्या मिनियापोलिसची गोष्ट सांगितली. 25 मे 2020, जॉर्ज फ्लॉइड, पोलिसाचा गुडघा मानेवर 9 मिनिटं 29 सेकंद. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन पडलं की छाती फुगायला जागा राहत नाही, पोट जमिनीला दाबलेलं असतं, छातीखालचा श्वासाचा पडदा खाली सरकत नाही, हेही फळ्यावर आकृती काढून समजावलं. पोरांनी वह्यांत उतरून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

दुपारी प्रात्यक्षिक. तिघांची एक टोळी, एकजण आरोपी, दोघं पोलीस. माझ्या शिकवण्यात कुस्ती भरपूर असते आणि त्याची मला लाज नाही. समोरासमोर उभं राहून माणूस धरायचा म्हणजे ठोसा किंवा चाकू खायची तयारी. त्यापेक्षा बगलडूब मारून काखेखालून पाठीमागं जा, कमरेला कब्जा घे. ज्याची पाठ तुझ्याकडं आहे तो तुला मारू शकत नाही. हा डाव मी दहा वर्षांच्या पोरालाही शिकवतो आणि पोलिसालाही.

फरक पुढं आहे. कुस्तीत माणूस चीत करायचा असतो, दोन्ही खांदे मातीला. पोलिसाला उताणा माणूस काही कामाचा नाही. त्याचे हात मोकळे, पाय मोकळे, दातही मोकळे. पोलिसाला तो पालथा हवा, कारण बेडी मागं घालायची असते. तळवे बाहेर, हातांच्या पाठी एकमेकींकडं. कडी आणि मनगट यांत एक बोट शिरेल एवढी जागा ठेवायची आणि लगेच दुहेरी कुलूप लावायचं, नाहीतर माणूस झटापटीत स्वतःच कडी आवळत नेतो आणि अंगठा बधिर होतो. हे सगळं नीट जमलं की जेमतेम अर्धं मिनिट. नवशिक्याला मात्र ते अर्धं मिनिट पुरत नाही.

तिसऱ्या टोळीत खानापूरकडचा एक पोरगा होता. तालमीतला, कान मोडलेले, मान खांद्यात शिरलेली. बघितल्याबरोबर ओळखला, आपल्यातलाच. आरोपी झालेला विजापूरकडचा, नव्वद किलोच्या वरचा, स्वभावानं गरीब. पैलवानानं बगलडूब मारली, मागं गेला, खाली आणला. इतकं साफ काम की मी स्वतः 'वाहव्वा' म्हणालो. जोडीदारानं एक हात मागं ओढला, पैलवानानं दुसरा. आणि मग त्याचं अंग आपोआप जे करतं ते त्यानं केलं. सवारी भरली, छाती पाठीवर टेकवली आणि सगळं वजन खाली सोडलं.

जोडीदाराला बेडी जमेना. एकदा कडी उलटी आली, एकदा मनगटाऐवजी बाहीवर बसली. खालचा माणूस हलायला लागला. कंबर उचलायचा, पाय आपटायचा.

आणि मी ओरडलो, "हलतोय अजून, दाब!"

हे वाक्य माझं नाही. वस्तादांचं आहे. ते मी हजार वेळा ऐकलंय, पाच-पन्नास वेळा माझ्या पाठीवर कुणीतरी बसलेला असताना. कुस्तीत खालचा हलतो तो सुटायला हलतो. म्हणून दाबायचं. माझ्या डोळ्याला हलणं म्हणजे तेवढंच दिसतं.

सकाळी मी त्यांना सांगितलं होतं की सहन होईना तर मॅटवर दोनदा थाप मारायची. पण याचे दोन्ही हात पाठीमागं धरलेले. थाप मारणार कशानं? तो पायानं मारत होता. थापच होती ती, दोन-दोनची. मी तिला धडपड समजलो. तोंडानंही काहीतरी म्हणत होता, पत्र्यावर पाऊस. शेजारच्या टोळीतली एक मुलगी धावत आली आणि किंचाळली, "सर, उसिरु अंताने! उसिरु!"

श्वास म्हणतोय.

मी पैलवानाची कॉलर धरून त्याला बाजूला फेकला. विजापूरच्या पोराला कुशीवर वळवला. ओठ निळसर, डोळ्यांत पाणी. एक लांब, घरघरीत श्वास आला, मग खोकला, मग तो ओकला. एवढं घाणेरडं दृश्य मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. सगळं मिळून चाळीस-पन्नास सेकंद झाले असतील. डॉक्टरांनी तपासून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि मग सोडलं. काही झालं नव्हतं.

डायरीत मी माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी ते वाचून विचारलं, हे लिहायलाच पाहिजे का. म्हटलं, पाहिजे.

खानापूरचा पोरगा जेवायला आला नाही. बराकीच्या पायरीवर बसला होता. मी जवळ जाऊन बसलो.

"तुम्हीच म्हणालासा की, दाब," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होता.

"मीच म्हणालो."

"मला वाटलं जोर लावायलाय."

"मलाही तेच वाटलं."

खरी गोम हीच आहे. गुदमरणारा माणूस आणि झगडणारा माणूस वरून सारखेच दिसतात. उलट गुदमरणारा जास्त जोरात झगडतो, मग वरचा आणखी दाबतो, आणि शेवटी खालचा शांत झाला की वरच्याला वाटतं, आला ताळ्यावर. 'बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे' असंही बरेचजण समजतात. दोन शब्द बाहेर पडायला फारशी हवा लागत नाही. त्यात खरा आरोपी दारू प्यालेला असणार, पळून दमलेला असणार, त्याला मॅट नसणार.

तेव्हापासून मी टोळी चौघांची केली. चौथा कुणाला हात लावत नाही. तो आरोपीच्या डोक्याशी गुडघ्यावर बसतो, तोंडाकडं बघतो आणि मोठ्यानं सेकंद मोजतो. तो 'साकु', म्हणजे पुरे, म्हणाला की सगळ्यांनी हात काढायचे, मग तिथं उस्ताद उभा असो की साहेब. बेडी बसली की त्याच क्षणी कुशीवर, मग बसता, मग उभा. पाठीवर कुणी टेकायचं नाही, गुडघा लागलाच तर खांद्याच्या पात्यावर, तोही बेडी बसेपर्यंत. मुलींना हे लवकर जमतं. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्यात कांस्य घेतलं त्या कुराश नावाच्या कुस्तीत जमिनीवरची झोंबाझोंबी नसतेच. खेळ उभ्यानं. पाठीवर साफ पाडलं की संपलं. मला त्या खेळाचा थोडा हेवा वाटतो.

चौथा म्हणून पहिल्यांदा मी खानापूरच्या पोरालाच बसवला. त्यानं अकरालाच 'साकु' म्हटलं. खालचा मजेत होता, हसत होता. मी काही बोललो नाही.

त्या रविवारी तालमीत गेलो. वस्ताद आता ऐंशीच्या घरात, हौद्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. दोन नवखी पोरं लढत होती. एकानं दुसऱ्याला खाली घेतला, पाठीवर बसून मानेवर घुटना ठेवला. खालचा पाय झाडायला लागला.

"ए, उठ! उठ त्याच्यावरनं!" मी ओरडलो.

दोघंही थांबले. खालच्यानं मातीनं माखलेलं तोंड वर करून माझ्याकडं बघितलं. चांगला धडधाकट होता, आता डाव उलटवणारच होता बहुतेक.

वस्तादांनी मान वळवली. "काय झालं रे तुला?" ते म्हणाले. "कुस्ती व्हायची हाय अजून."