नववीच्या पहिल्या तासाला काडेपेटी

नववीच्या वर्गावर गृहशास्त्राच्या पहिल्या तासाला जाताना मी पुस्तक न्यायचे नाही. काडेपेटी, मेणबत्ती, चिमटा, पाण्याची ताटली आणि कागदाच्या पुड्यांत चार धागे. सुती, लोकरीचा, नायलॉनचा आणि चौथा रेशमाचा. रेशमाचे धागे येवल्याच्या एका विणकराकडचे. पैठणी मागावरून उतरली की कडेला उरलेले धागे तो बाजूला ठेवायचा आणि मी गेले की मूठभर हातावर घालायचा.

मुली एकेक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायच्या. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, वासही कागदाचाच, मागे मऊ करडी राख. नायलॉन आधी आक्रसतो, मग वितळतो, आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो, बोटांनी चुरत नाही. लोकर आणि रेशमाची पाळी आली की मागच्या बाकावरून हमखास ओरड, "बाई, कुणाचे तरी केस जळतायत!" आणि सगळ्या आपापल्या वेण्या चाचपायच्या. मग मी विचारायचे, केसांचाच वास का आला? रेशीम हे किड्याने काढलेलं प्रथिन, लोकर प्रथिन आणि आपले केसही प्रथिनच. सुती धागा झाडाचा, म्हणजे सेल्युलोज. एवढं कळलं की आईची पैठणी धुण्याच्या सोड्यात का बुडवायची नाही, हे मला सांगावं लागायचं नाही. सोडा अल्कली असतो, अल्कलीने प्रथिनाचा धागा कमजोर होतो, हे त्याच मला सांगायच्या.

26 वर्षं मी नाशिकमध्ये गृहशास्त्र शिकवलं. त्या काळात एक गोष्ट मनाला लागत राहिली, ती लिहूनच टाकते. परीक्षा जवळ आली की पहिला तास जायचा तो माझा. "स्वयंपाकच तर आहे, घरी शिकतातच की," असं म्हणून तो गणिताला दिला जायचा. गणितावर माझा राग नाही. पण घरी आई पालेभाजी चिरून मग धुते, म्हणून मुलगीही चिरून धुते. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ते त्या पाण्याबरोबर मोरीत जातं, हे घरी कोण सांगणार? भाजलं की टूथपेस्ट लावायची, हेही घरीच शिकलेलं असतं. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली निदान दहा मिनिटं धरायचा, बर्फ नको, पेस्ट नको, हे मी प्रत्येक वर्गाकडून नळाशी उभं करून करून घेतलं. दहा मिनिटं किती लांब असतात ते नळाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एलन स्वॅलो रिचर्ड्स या बाईंबद्दल मी दरवर्षी सांगायचे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. 1873 मध्ये तिथून रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि पुढे प्यायच्या पाण्याचे नमुने तपासण्याचं मोठं काम केलं. 1899 मध्ये तिथल्याच लेक प्लॅसिड या गावी ज्या परिषदेतून हा विषय उभा राहिला, तिच्यामागे याच होत्या. पाणी, अन्न आणि घर तपासायला निघालेल्या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा हा विषय आहे, हे ऐकलं की मुली जरा ताठ बसायच्या. मला ते फार आवडायचं.

आहाराचं प्रकरण मी मिसळीवरून सुरू करायचे. नाशिकमध्ये दुसरं कुठलं उदाहरण घेणार? मटकी भिजवली, फडक्यात बांधली, मोड आले. कोरड्या मटकीत 'क' जीवनसत्त्व नावालाच असतं, मोड येताना ते वाढतं. उकळताना त्यातलं बरंच जातं. मग ताटलीच्या कडेला ठेवलेल्या लिंबाच्या फोडीचं काम काय? चवीचं तर आहेच, पण कडधान्यातलं लोह शरीराला सहजी घेता येत नाही, लिंबातलं 'क' जीवनसत्त्व त्याला हात देतं. आणि मिसळ संपताच जो चहा घेतो, तो नेमका उलटं करतो, कारण चहातली टॅनिन्स लोह बांधून ठेवतात. तासाभराने घ्या, म्हणायचे. चहा लांबवायला कुणी आनंदाने तयार व्हायचं नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, पाळी सुरू झालेली, जिना चढून आल्या की दम लागलेल्या, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकट, म्हणजे अंगात रक्त कमी. त्यांच्यासाठी ही लिंबाची फोड नुसता परीक्षेतला प्रश्न नव्हता. वरणभात आणि खिचडीही याच धड्यात यायची. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन तांदळाच्या प्रथिनात कमी, मेथिओनिन डाळीच्या प्रथिनात कमी, दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून निघते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फळं टिकवण्याचं प्रात्यक्षिक. दिंडोरी, पिंपळगावकडच्या मुली घरून द्राक्षं आणायच्या. एका वर्षी काळी शरद सीडलेस आली. जांभळाच्या रंगाचा गडद रस निघाला, साखरेचा पाक झाला, स्क्वॅश तयार. टिकवण्यासाठी मी नेहमीच्या सवयीने पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं, लिंबाच्या आणि संत्र्याच्या स्क्वॅशला घालतो तसं. बघता बघता रंग उतरला. फिकट, आजारी गुलाबी झाला. मुलींचे चेहरे पडले, माझाही पडला. चूक माझी होती, आणि मी ती फळ्यावर लिहिली. या क्षारातून सल्फर डायऑक्साइड निघतो. तो जंतूंना रोखतो, पण काळ्या द्राक्षाचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे असतो, त्यालाही रंगहीन करतो. गडद रंगाच्या रसाला सोडियम बेंझोएट वापरायचं. हे पुस्तकात एका ओळीत होतं आणि तोवर कुणाच्या लक्षात राहिलेलं नव्हतं. त्या वर्गातली एकही मुलगी ते विसरली नसेल.

शिवणाबद्दल थोडंच लिहिते, कारण ते हातानेच कळतं. धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, बटण, रफू. हळदीचा डाग मात्र सांगायलाच हवा. साबण अल्कली, तो लागला की डाग लाल होतो, घाबरून मुली आणखी घासतात. लिंबू पिळलं की परत पिवळा. चुनाही अल्कलीच, हळदीत तो मिसळून कुंकू करतात ते याच कारणाने. धुऊन कापड उन्हात टाका, उरलेला डाग ऊनच घालवतं. खर्चाचा हिशेब, आयएसआय आणि अ‍ॅगमार्कची खूण, ग्राहकाचे हक्क, पक्कं बिल मागायची सवय, हेही सगळं होतं. मुलग्यांना यातलं काही मिळत नव्हतं. एका वर्षी शनिवारी दुपारी आठवीच्या मुलांना चार तास घेऊ दिले गेले. त्यांनी बटणं लावली, जखमेला पट्टी बांधली, आणि पाचवा तास कधी म्हणून विचारत राहिली. तो मिळाला नाही.

जुलाब झाल्यावर द्यायचं मीठ-साखरेचं पाणी मी वर्गात दोनदा करून घ्यायचे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट नको. 'सपाट' या शब्दावर मी अडून बसायचे. चमच्यावर शीग राहिली तर मीठ जास्त होतं आणि लहान बाळाला ते अपाय करतं. म्हणून प्रत्येकीने चमचा भरून त्यावर कंपासपेटीतली पट्टी फिरवायची.

पंचवटीत राहणारी दहावीची एक मुलगी ऐन पावसाळ्यात दोन दिवस शाळेत आली नाही. आली ती डोळे सुजलेली. दीड वर्षाच्या भावाला रात्री जुलाब लागले होते, वडील गावाला, बाहेर धो धो पाऊस. तिने पाणी उकळलं, लिटरच्या बाटलीने मोजलं, आणि रात्रभर आईच्या मांडीवरच्या भावाला चमच्या-चमच्याने पाजत राहिली. आजी म्हणत होती, मीठ अजून घाल, ताकद येईल. तिने घातलं नाही. उजाडल्यावर त्याला दवाखान्यात नेलं. आता तो बरा होता, खेळत होता.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग माझ्या टेबलाशी अजून जवळ आली आणि हळूच विचारलं, "बाई, पट्टी मी आधी धुऊन घेतली होती. तेवढं पुरतं ना?"