पॅरासिटामॉल, पण ३२५ची

शनिवारची ओपीडी, ठाणे स्टेशनजवळचं सोनोग्राफी सेंटर, बाहेर बसायला जागा नाही आणि आत फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्याने लागणारा फॉर्म, भरताना रिसेप्शनिस्टची नेहमीची चिडचिड. चिठ्ठीवर नुसतं 'ग्रोथ, ३२ आठवडे'. पेशंट दिव्याहून आलेली, पहिलटकरीण, सोबत सासूबाई.

ग्रोथ स्कॅनला, म्हणजे बाळाची वाढ बघताना, डोकं, पोट, मांडीचं हाड मोजायचं, पाणी बघायचं, डॉपलर करायचा म्हणजे रक्ताचा वेग बघायचा, झालं. हृदय 'पाचव्या महिन्यात बघितलंय ना' म्हणून बरेच जण चार कप्पे दिसले की पुढे सरकतात, काही रिपोर्ट तर मागच्यावरून कॉपी-पेस्ट मारलेले असतात, वाचताच कळतं. मी थांबते कारण मला हृदय बघायला आवडतं, यात थोर काही नाही.

उजवा कप्पा मोठा वाटला. शेवटच्या तिमाहीत उजवी बाजू थोडी मोठी असतेच, पण ही जरा जास्तच, आणि उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेतून रक्त मागे येत होतं. असं दिसलं की आधी डोक्यात येतं कोआर्क्टेशन, म्हणजे महाधमनीची कमान अरुंद. कमान बघितली, छान होती. मग वर थ्री व्हेसल व्ह्यूला, म्हणजे हृदयाच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात तिथे, गेले, तिथे कमान आणि डक्ट (फुप्फुसाकडचं रक्त महाधमनीत नेणारी नळी) इंग्रजी व्हीसारखे एकमेकांना मिळतात आणि डॉपलरचा कलर टाकला की दोन्ही एकाच रंगाचे स्वच्छ दिसतात. हिच्या बाळाच्या डक्टमध्ये पिवळा, हिरवा, निळा सगळे रंग एकत्र, म्हणजे रक्त अडून जोरात घुसतंय. आता हे मोजायचं तर अँगल जमला पाहिजे आणि बाळ गप्प राहिलं पाहिजे, आणि हे पठ्ठ्या सारखं उलटंपालटं होत होतं. बाहेरून दोनदा दार वाजलं. शेवटी ट्रेस मिळाला: सिस्टोलचा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा, वेग सेकंदाला २.२ मीटर, डायस्टोलमध्ये, म्हणजे ते सैल पडतानाही ०.६, आणि या चढउताराचं माप, पल्सॅटिलिटी इंडेक्स, १.३. वेग १.४च्या वर आणि इंडेक्स १.९च्या खाली म्हणजे डक्ट आवळला जातोय.

डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगते. पोटात बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, ऑक्सिजन वारेतून येतो. नाळेतून आलेल्या चांगल्या रक्ताचा काही भाग यकृताला बगल देऊन हृदयात येतो आणि दोन वरच्या कप्प्यांमधल्या फोरामेन ओव्हेल या छिद्रातून डावीकडे जातो, म्हणजे मेंदूला आणि खुद्द हृदयाला पहिला वाटा. उजवीकडचं रक्त फुप्फुसाच्या दिशेने निघतं खरं, पण तिथे थोडंच शिरतं, बाकीचं डक्टस आर्टिरिओससमधून, म्हणजे आपल्या डक्टमधून, सरळ खालच्या महाधमनीत. ही नळी जन्मानंतर एक-दोन दिवसांत मिटायची असते, त्याआधी तिला उघडं ठेवतं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच बनणारं रसायन. आणि दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्या नेमकं तेच बनू देत नाहीत. आधीच मिटायला लागली तर उजव्या कप्प्यावर लोड येतो आणि फुप्फुसाच्या नळ्यांवर प्रेशर.

म्हणून विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? "आयर्न, कॅल्शियम." दुखण्यावर काही? "नाही मॅडम." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अगं ती कमरेची सांग की." तेव्हा पर्समधून निघाली. "ती तर पॅरासिटामॉल आहे, चालते ना?" रोज दोन, दहा-बारा दिवस.

मेडिकलवाल्याने स्ट्रिप कात्रीने कापून दिलेली. कंपनीचं नाव गेलेलं, एक्सपायरी गेलेली, उरलेल्या तुकड्यावर एवढंच, पॅरासिटामॉल ३२५ एमजी. आता आपल्याकडे नुसती पॅरासिटामॉल साधारण ५००ची नाहीतर ६५०ची मिळते. ३२५ दिसली की समजायचं सोबत दुसरं कोणीतरी आहे. दुकानाचा नंबर घेऊन फोन लावला, तो आरामात म्हणाला, "अ‍ॅसिक्लोफिनॅकवाली आहे मॅडम, कंबरदुखीला सगळे हीच नेतात." म्हणजे तीच, प्रोस्टाग्लँडिन बनू न देणाऱ्यांपैकी. गरोदर आहे हे माहीत होतं का? "मिस्टर आले होते ना." चिठ्ठी मागितली होती का हे मी विचारलंच नाही, उत्तर माहीत होतं.

गोळी बंद केली आणि चार-पाच दिवसांनी परत बोलावलं. वेग १.२वर आलेला, झडपेची गळती नावाला. बाळ ठीक आहे, डिलिव्हरी अजून व्हायचीय.

तिने पडद्यामागे कपडे नीट करताना हळूच विचारलं, "माझ्यामुळे झालं का?" मी नाही म्हटलं, तेही मुद्दाम सासूबाईंना ऐकू जाईल असं. तिची कंबर का दुखते ते कोणीच विचारलं नव्हतं. दिव्याहून सकाळची लोकल, उभ्याने, आणि दिवसभर काउंटरवर उभं राहायची नोकरी.

मला छळतंय ते वेगळंच. या गोळ्या तिसाव्या आठवड्यानंतर डक्टसाठी नकोत हे जुनंच ज्ञान आहे, २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, तर विसाव्यापासूनच टाळा म्हणून सांगितलं, बाळाच्या किडनीमुळे पोटातलं पाणी कमी होतं म्हणून. पण जन्मल्यावर धाप लागलेली, फुप्फुसाचं प्रेशर चढलेली बाळं एनआयसीयूत येतात तेव्हा आईने आठव्या महिन्यात कंबरेसाठी काय खाल्लं हे कोण विचारतं? आणि विचारलं तरी ती प्रामाणिकपणे पॅरासिटामॉलच सांगणार.

पाठवणाऱ्या गायनॅकला फोन केला तर म्हणाली, "अगं पण मी तर ग्रोथच मागितली होती." पुढे बिलाचं विचारलं, डक्टच्या डॉपलरचे वेगळे घेतलेस का. नाही घेतले.