आधी खिसे बघा

सरकारी उधळपट्टीवरचं व्यंगचित्र दिसलं की नजर पहिली तोंडावळ्यावर जाते. नाक ओळखीचं निघालं, हसू आलं, पान उलटलं. खरं तर अशा चित्रात नाकाला फारसा भाव देऊ नये. आधी हात बघावेत, मग खिसे. पैसा कोणाच्या हातून सुटला, कोणाच्या खिशात उतरला, आणि त्या वेळी तोंड फिरवून कोण उभा होता.

माझा आणखी एक हट्ट आहे. पाट्या अंगठ्याखाली झाकायच्या. थैलीवर ‘कर’, डुकरावर ‘खर्च’, भोकावर ‘तूट’ हे झाकल्यावर मागे नुसतं थैली, डुक्कर आणि भोक उरलं, तर चित्रकाराने अक्षरं तेवढी काढली असं समजावं. ते चित्र कुठल्याही देशात, कुठल्याही वर्षी खपेल, म्हणजे कुठल्याच वर्षाबद्दल काही सांगत नाही.

फ्रान्सचा व्यंगचित्रकार दोमिए याचं १८३१ सालचं चित्र मात्र या अंगठ्याला पुरून उरतं. राजा लुई फिलिप खुर्चीत ऐसपैस बसलाय. जमिनीपासून त्याच्या तोंडापर्यंत फळी लावलीय आणि तिच्यावरून हमाल नाण्यांच्या टोपल्या वर चढवतायत. खुर्चीच्या खालून बाहेर पडतात ते नेमणुकांचे आणि मानसन्मानांचे कागद. जमेची बाजू वर, खर्चाची खाली. आणि मधल्या पोटात काय होतं ते वेगळं सांगायला नको. दोमिएला सहा महिन्यांची शिक्षा झाली, यावरून चित्र नीट वाचलं गेलं होतं हे कळतं.

चोरी चित्रात दाखवायला त्या मानाने सोपी, कारण चोराला हात असतात. न्यूयॉर्कमध्ये ट्वीड नावाच्या राजकीय पुढाऱ्याच्या टोळीने कोर्टाची इमारत बांधायला घेतली तेव्हा मंजुरी अडीच लाख डॉलरची होती, खर्च कोटीच्या पुढे गेला. व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८७१ मध्ये ही सगळी मंडळी गोल उभी केली. जनतेचा पैसा कोणी चोरला, या प्रश्नावर प्रत्येकाचं बोट शेजारच्याकडे. थैल्या नाहीत, तिजोरी नाही, नुसती बोटं. हिशेब तपासनिसाला याहून जास्त काय लागतं!

अडचण होते ती कायदेशीर खर्चाची.

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १७८६ च्या एप्रिलमधलं चित्र घ्या. शीर्षकाचा मतलब असा, की राष्ट्रीय कर्ज फेडण्याची नवी तऱ्हा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि राणी खजिन्याच्या दारातून बाहेर पडतायत, राजाचे खिसे नाण्यांनी ओसंडतायत आणि पंतप्रधान पिट त्याला वर आणखी एक थैली देतोय. तारीख महत्त्वाची. त्याच वर्षी पिटने कर्जफेडीसाठी दरसाल १० लाख पौंड बाजूला काढायची योजना आणली होती, आणि त्याच सुमाराला राजघराण्याचं थकलेलं देणंही संसदेपुढे आलं होतं. हे दोन्ही माहीत नसेल तर शीर्षकातला टोमणा हुकतो आणि राजा लोभी एवढंच हाती लागतं.

आता वही उघडू. राजघराण्याची वार्षिक नेमणूक ९ लाख पौंड. कर्जावरचं व्याज सुमारे ९० लाख. म्हणजे चित्रात ज्याने सगळी जागा अडवली तो खर्च व्याजाच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि व्याजाला कोपरासुद्धा नाही. गिलरेला आकडे कळत नव्हते असं मुळीच नाही. व्याजाला पोट नसतं, विग नसतो, ते दारातून थैली घेऊन बाहेर पडत नाही. आजही हेच चालतं. मंत्र्याचं विमान, नवी इमारत, पुतळा, यांना आकार असतो म्हणून ते चित्रात येतात. व्याज आणि निवृत्तिवेतन अंदाजपत्रकात ऐसपैस बसतात आणि कुंचल्याला सापडत नाहीत. चित्रातल्या थैलीचा आकार हा चित्रकाराचा राग असतो, रक्कम नव्हे. रक्कम हवी तर वही वेगळी काढावी लागते.

एवढं म्हणून गिलरेला एक गुण कमी द्यावा, तर त्याच चित्रात जमिनीवर एक माणूस बसलाय. हातपाय गमावलेला, भीक मागणारा खलाशी. ते कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं अमेरिकेतल्या युद्धाने, १७७५ ते १७८३. युद्ध लढायला पैसा उसना मिळतो, हातपाय उसने मिळत नाहीत. मग व्याज चित्रात नाही असं तरी कसं म्हणायचं? त्या खलाशाला कुठल्या रकान्यात धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.