थॅचरबाईंचा फोटो कोणता?

८ एप्रिल २०१३, सोमवार. तो आठवडा आधीच बातम्यांनी भरून वाहत होता. शिळफाट्याची इमारत कोसळून चार दिवस झाले होते आणि मृतांचा आकडा सत्तरीपुढे गेला होता. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता, त्यात अजित पवारांच्या इंदापूरच्या भाषणावरून राज्यभर गदारोळ. गुढीपाडवा गुरुवारी, म्हणजे पानोपानी सराफ आणि फ्लॅटच्या जाहिराती. अशा दिवसांत विदेश पानाला कुणी विचारत नाही. मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी तेच पान बघायचे. साडेपाचच्या सुमारास एजन्सीच्या वायरवर एक ओळ झळकली: ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे निधन. पक्षाघात, वय ८७.

वृत्तसंपादकांनी मानही वर केली नाही. "पहिल्या पानावर दोन कॉलम, आत तुझ्याकडे अर्धं पान. फोटो चांगला बघ."

कॉपीची मला काळजी नव्हती. घोळ झाला तो फोटोवर.

एजन्सीच्या आर्काइव्हमधून तासाभरात शेकड्यांनी फोटो आले. आमच्या चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, माझ्या खुर्चीमागे उभं राहून एकावर बोट ठेवलं. २८ नोव्हेंबर १९९० चा. बाई डाउनिंग स्ट्रीटवरचं पंतप्रधान निवास कायमचं सोडून गाडीत बसल्यात, चेहरा काचेकडे, डोळे लाल, पाण्यानं भरलेले.

"हाच लाव. जन्मभर लोकांना रडवलं, शेवटी स्वतः रडली. मथळ्याचीसुद्धा गरज नाही."

चीफ सब लालबागचे. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा हे शाळेत. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातलं एक घर यांचं. थॅचर हे नाव त्यांच्यासाठी परदेशी नव्हतंच. मार्च १९८४ मध्ये, थॅचर सरकारच्या काळात, वीस खाणी बंद होणार आणि वीस हजार रोजगार जाणार म्हणून ब्रिटनचे खाणकामगार संपावर गेले, वर्षभर टिकले आणि हरले. ही तारीखवार माहिती त्यांना पाठ होती. मी वाद घालत होते तो त्यांच्या रागाशी नव्हे.

शेजारच्या पोरानं, नुकताच डेस्कवर आलेला, दुसराच फोटो उघडला. १९८६ चा. पश्चिम जर्मनीत रणगाड्यातून डोकं बाहेर, डोक्याला पांढरा स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. "ताई, हा लावा ना! कसली भारी दिसते!"

म्हणजे एकीकडे रडणारी बाई, दुसरीकडे रणगाड्यावरची रणरागिणी. मी चीफ सबना विचारलं, "अहो, आजवर कुठल्या माजी पंतप्रधानाच्या मृत्यूला आपण त्याचा रडतानाचा फोटो लावलाय?"

"रडले असते तर लावला असता."

उत्तर बिनतोड होतं, पण मला ते पटलं नाही. मी कात्रणांची फाइल काढली. एखाद्या बाईला चाळीस वर्षं पत्रकारितेनं कसं पाहिलं, हे त्या पिवळ्या कागदांतून एका बैठकीत समोर येत होतं. १९७१ मध्ये शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध बंद केलं. लगेच 'दूधचोर' म्हणून यमक जुळवलेल्या घोषणा, आणि 'द सन' या दैनिकानं तर देशातली सर्वांत नावडती बाई ठरवून टाकलं. पण माध्यमिक शाळांतलं दूध त्याआधी तीन वर्षं, १९६८ मध्ये, मजूर पक्षाच्या सरकारनं बंद केलं होतं. त्या मंत्र्याच्या नावानं कुणी गाणं म्हटलं नाही. बाईनं पोरांच्या तोंडचं दूध काढलं, हे चित्रच इतकं झणझणीत होतं की आधीचा पुरुष त्यात दिसेनासा झाला.

मग आवाज. किनरा आहे, कर्कश आहे, यावर रकानेच्या रकाने. गॉर्डन रीस नावाच्या दूरचित्रवाणीतून आलेल्या सल्लागारानं केस, कपडे, आवाज सगळं बदलायला लावलं. आवाज खाली आणण्यासाठी रीतसर शिकवणी झाली. आवाज खाली आला, तर आता तो बनावट आहे यावर रकाने. मंत्रिमंडळातला एकुलता एक पुरुष, हे कौतुक त्यांच्याच बाजूचे लोक करत. टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या विडंबनात त्यांना पुरुषी सूट आणि चिरूट दिला होता. बाई म्हणून झोडपा नाही तर बाई नाहीच म्हणा, यापलीकडे तिसरी खोली त्या घरात नव्हती. आपल्याकडेही गूंगी गुडिया आणि दुर्गा ही दोन्ही बिरुदं एकाच बाईला लावून झाली होती, त्यामुळे मला फार नवल वाटलं असं नाही.

पण बाईंना बिचारी ठरवणारी कात्रणंही मला खरी वाटेनात. १९७९ च्या प्रचारात छायाचित्रकारांसाठी त्या सफकच्या शेतात वासरू उचलून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. नवरा म्हणाला होता म्हणे, आता पुरे करा, नाहीतर मेलेलं वासरू हातात येईल. आठ वर्षांपूर्वी ज्या 'सन'नं नावडती म्हटलं, त्यानंच मतदानाच्या दिवशी त्यांना मतं द्या म्हणून पहिलं पान दिलं. त्याचे संपादक लॅरी लँब पुढच्याच वर्षी 'सर' झाले. आणि १९८८ मध्ये याच बाईंच्या सरकारनं उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा करू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाच्या नेत्यांचे आवाज प्रसारित करायला बंदी घातली. मग काय, जेरी ॲडम्स पडद्यावर ओठ हलवताहेत आणि आवाज एखाद्या नटाचा, असा तमाशा १९९४ पर्यंत चालला. माध्यमांनी यांना वापरलं तसं यांनी माध्यमांना वापरलं, आणि जमेल तिथे दाबलंही.

साडेसात वाजले. लांबच्या गावांना जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडायची वेळ जवळ आली आणि पानावर फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन. चीफ सब आता चिडले होते. "तुला तिची कड घ्यायचीय."

"कड नाही. तुमचा राग मजकुरात येऊ द्या की. खाणी लिहिते, माणशी सारखा लावलेला पोल टॅक्स लिहिते, फॉकलंड युद्धात बुडवलेली अर्जेंटिनाची बेलग्रानो युद्धनौका लिहिते, दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांना केलेला विरोध लिहिते. पण फोटोत रडणारी बाई दिली, की वाचणारा म्हणणार, बघा, शेवटी बाईच. मग तुमच्या खाणी कोण वाचतो?"

ते काही बोलले नाहीत. पटलं म्हणून गप्प बसणारे ते नव्हेत; पान उशिरा जात होतं म्हणून बसले असावेत.

शेवटी मी १२ ऑक्टोबर १९८४ चा फोटो काढला. ब्रायटनचं पक्षाधिवेशन. पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्याच हॉटेलात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला, त्यात पाच जण गेले. सकाळी साडेनऊला, ठरल्या वेळी, अधिवेशन सुरू झालं. फोटोत त्या व्यासपीठावर भाषण करताहेत. भाषण करणारा राजकारणी जसा दिसतो तशा. वृत्तसंपादक म्हणाले, "यात तर काहीच होत नाहीये." मी म्हटलं, "कॅप्शनमध्ये होतंय." मग त्यांनी विचारलं, "लोकल अँगल?" तोही त्याच वळणावर मिळाला: ब्रायटननंतर तीनच आठवड्यांनी थॅचर इंदिरा गांधींच्या अंत्यसंस्काराला दिल्लीत आल्या होत्या. त्याची चौकट केली. मथळा सरळ: मार्गारेट थॅचर यांचे निधन. पान गेलं.

दुसऱ्या दिवशी लंडनची दैनिकं संगणकावर पाहिली. 'डेली मेल'नं ब्रिटनला वाचवणारी स्त्री म्हटलं, 'डेली मिरर'नं देशात फूट पाडणारी. दोन्ही मथळ्यांचा साचा एकच, फक्त क्रियापद उलटं. ब्रिक्स्टन आणि ग्लासगोत लोक रस्त्यावर येऊन नाचले. १० तारखेला संसदेत ग्लेंडा जॅक्सन उठल्या. एकेकाळच्या ऑस्करविजेत्या अभिनेत्री, मजूर पक्षाच्या खासदार. लोभाला सद्गुण ठरवल्याबद्दल त्यांनी थॅचरना सोलून काढलं, पण भाषणाच्या शेवटी त्याही म्हणाल्या की माझ्या लेखी ती स्त्री नव्हतीच. धोरणांवर इतकं नेमकं बोलणारी व्यक्तीसुद्धा जाता जाता तिथेच येऊन ठेचकाळली, याचं मला वाईट वाटलं.

बुधवारी रात्री, पाडव्याच्या आदल्या दिवशी, चीफ सबनी रविवार पुरवणीसाठी एक लेख दिला. कुणी मागितल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही, पण हा त्यांनी आपणहून लिहिला होता. यॉर्कशरच्या खाणी आणि गिरणगाव, दोन्हीकडे दोनच वर्षांच्या अंतरानं पेटलेल्या चुली आणि विझलेल्या चुली. वेल्सच्या गावांत सूप शिजवणाऱ्या बायका, लालबागात मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या बायका. थॅचरचं नाव आलं तिथे फक्त निर्णय आणि तारखा. पर्स नाही, आवाज नाही, केस नाहीत. त्या आठवड्यात बाईंवर मी जेवढं वाचलं त्यात त्यांच्यावर इतकी कठोर कॉपी दुसरी नव्हती.

लेख रविवारी, १४ तारखेला छापून आला. त्याच रात्री वायरवर नवी बातमी: १९३९ च्या चित्रपटातलं, चेटकीण मेली म्हणून नाचण्याचं गाणं लोकांनी मुद्दाम विकत घेऊन ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं, आणि बीबीसीनं ते पूर्ण न वाजवता काही सेकंदांचा तुकडाच ऐकवला. त्यावर प्रतिक्रिया, प्रतिक्रियांवर प्रतिक्रिया, भराभर येत होत्या.

चीफ सब मागून डोकावले. "गाण्याला किती देतेयस?"

"संक्षिप्तमध्ये चार ओळी."

"दोन पुरेत," ते म्हणाले आणि शिळफाट्याच्या पाठपुराव्याची कॉपी तपासायला बसले.