तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांच्या काचा मी का जपते

"सैनिकाच्या घरातली पोर, आणि इंग्रजांच्या लढायांच्या काचा दुरुस्त करतेस?" लग्नकार्यात, गाडीत, मुलीच्या शाळेच्या दारात, सगळीकडे हाच प्रश्न. चर्चमधल्या जुन्या रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणं हे माझं काम. एकदाच सविस्तर सांगते.

आधी मी कामाबद्दलच बोलायचे. शंभरेक वर्षांत काचेचे तुकडे धरून ठेवणारं शिसं थकतं, तावदानाला पोट येतं. मग रबिंग घ्यायचं, म्हणजे वर कागद ठेवून, घासून खिडकीचा ठसा उतरवायचा, एकेक तुकडा सोडवायचा, धुवायचा, नव्या शिशात बसवायचा. काच कुणाच्या बाजूनं लढली नाही, असंही म्हणायचे. ते वाक्य मागे घेते.

शिकत असताना आबांना कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये नेलं होतं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बांधलेलं, १८५८ साली खुलं झालेलं. खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या. त्या दाखवायच्या होत्या. आबा भिंतीपाशीच थांबले. एकेक नाव वाचत गेले.

"शिपाई कुठं हायत?"

मी तिथल्या लेखाचा अर्थ सांगितला. नावं अधिकाऱ्यांची. बाकीचे शिपाई इतके, की लिहिणं शक्य नाही.

"लई मेले म्हणून लिवले न्हाईत?"

मी वैतागले. "आबा, वर बघा ना, ते बघायला आणलंय तुम्हाला." त्यांनी बघितलं, माझ्यासाठी. "छान हाय," म्हणाले आणि बाहेर पडले. फाटकाशी गाठलं तेव्हा एवढंच बोलले, "आपल्या गावच्या पाटीवर आकडा तरी हाय." साताऱ्याकडच्या आमच्या गावात १९१४ च्या युद्धाची संगमरवरी पाटी आहे: इतके गेले, इतके मेले. त्या आकड्यात त्यांचे चुलत आजोबा आहेत.

माझं काम बघायला आबा कधीच आले नाहीत. आता ते नाहीत.

त्याच अफगाण युद्धात, जानेवारी १८४२ मध्ये, काबूलहून माघारी निघालेल्या सुमारे साडेचार हजार सैनिकांत गोरे जेमतेम सातशे. बाकी हिंदी शिपाई, शिवाय बारा हजारांच्या आसपास बुणगे. हे मी नंतर वाचलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये अशाच खिडक्यांपाशी शेतमजुरांच्या पोरांचीही नावं लागली, हेही नंतरच कळलं. म्हणजे लिहिता येत होतं.

मग का जपते? खिडक्या गेल्या की पाऊस आत येतो, भिंती जातात, आणि नावं गाळल्याची त्यांच्याच हातची कबुलीही जाते. मला हे पटतं. पण भट्टीतून चांदीचा पिवळा, म्हणजे चांदीच्या क्षारानं काचेवर चढणारा पिवळा रंग, नीट उतरला की मला एकही शिपाई आठवत नाही, हेही खरं. तेव्हा फक्त काच दिसते. त्या दिवशी आबांना "वर बघा" म्हणणारी मीच असते ती.

रबिंगवर प्रत्येक तुकड्याला नंबर घालते. चारशे असले तर चारशे. आबांना ते दाखवलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला खरंच सांगता येत नाही.