फ्यूज जाड केला म्हणून मोटार वाचत नसती

परवा रात्री साडेअकराला काकांचा फोन, "अरे लाईट आली पण मोटार उचलंना, नुसती हूं हूं करायलीय." हळदीला पाणी द्यायचं होतं अन् आमच्या वसमतकडं हळदीपुढं झोपेला कोण विचारतंय, गेलो बॅटरी घेऊन. पेटी उघडली तर दोन किटकॅटमधे (फ्यूज वायर बसवायच्या चिनी मातीच्या खोबणीत) केबलच्या तांब्याच्या तारा पिळून घातलेल्या, तिसऱ्यात खरी फ्यूज वायर, ती उडालेली. म्हणजे मोटार तीनपैकी दोनच फेजवर! ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा, तो तर कधीच बायपास केलेला, का तर "सारखा ट्रिप होतो."

आता हिशोब बघा. पाच एचपीची थ्री फेज मोटार, एचपीला दीडनं गुणायचं, साडेसात अँपिअर फुल लोड (हा अंदाज झाला, खरा आकडा मोटारीच्या प्लेटवर असतो). पण डायरेक्ट स्टार्टरवर चालू होताना काही सेकंद सहापट घेती, 45 च्या आसपास, म्हणून साडेसातला 10 चा फ्यूज टाकला की रोज उडणार. तिथं 20 नाहीतर 25 चा एचआरसी (मोठा शॉर्टसुद्धा तोडणारा बंद नळीतला फ्यूज) लागतो, तो एवढा झटका सोसतो.

पण मग गंमत अशी की चालू मोटारीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतून पावणेदोन पट करंट जातो, 13 धरा, अन् 25 च्या फ्यूजला त्याचं काहीच वाटत नाही, वाइंडिंग मात्र जळून कोळसा. फ्यूज असतो शॉर्टसर्किटसाठी, केबल अन् स्टार्टर वाचवायला. मोटार वाचवायची ती रिलेनं. अन् किटकॅटमधे जाड तार घातली की शॉर्ट झाल्यावर केबलच फ्यूजचं काम करती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही एचआरसी 25 चे बसवले, रिले जोडून साडेसातवर सेट केला. तासाभरात रिले पडला. काका माझ्याकडं असे बघायले जसं मीच हळद वाळवली. मीटर लावला तर 415 च्या जागी 350 व्होल्ट अन् करंट नऊ, व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच पाणी उपसायला करंट जास्त ओढती. रिलेचा काय दोष?

म्हणलं काका, रिलेला हात लावू नका, आधी त्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती मोटारी हायत ते मोजून या, लोड जास्त झाला की व्होल्टेज पडतं.